अंकुशचं नवं कटर

लोखंडी गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा एक कारागीर एका गावात होता. नाव अंकुश पांचाळ. हाताला सफाई मोठी, पण लोक त्याला भित्रा म्हणायचे. कारण होतं त्याचं कटर. लोखंड कापायचं ते यंत्र त्याने बाजारात सगळ्यांत स्वस्त मिळालं म्हणून आणलं होतं. कुठल्या कंपनीचं, ते देवालाच ठाऊक! सुरू केलं की सगळं दुकान थरथरायचं.

म्हणून अंकुश त्याला बिचकून असायचा. रोज सकाळी कापायची चकती काढून बघणार, कुठे तडा नाही ना. नट आवळणार. चकतीवरचं लोखंडी झाकण घट्ट बसवणार. डोळ्यांना चष्मा लावणार. मग देवाचं नाव घेऊन बटण दाबणार. येणारे-जाणारे हसायचे, "अहो पांचाळ, पाईप कापताय की वाघाचे दात घासताय?"

हसेनात का बापडे! इतक्या वर्षांत अंकुशला साधं खरचटलं नव्हतं.

पुढे धंदा वाढला. अंकुशने नावाजलेल्या कंपनीचं भारी कटर आणलं. काय त्याचा रुबाब! थरथर नाही, खडखड नाही. बायकोने, सुमित्राने, त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला.

पण यंत्राबरोबर माणूसही बदलला. चकती तपासणं बंद झालं. चष्मा खिळ्याला लटकला. एकदा जाड पाईप झाकणाला अडू लागला, तर या शहाण्याने झाकणच काढून कोपऱ्यात टाकलं. कोणी काही बोललं की म्हणायचा, "कंपनीचं आहे. त्याला काय होतंय?"

एके दिवशी शेजारच्या गावचा वेल्डर रज्जाक ते कटर बघायला आला. त्यालाही एक घ्यायचं होतं, पण स्वस्तातलं की कंपनीचं, हे काही ठरेना. अंकुशला चेव चढला. "बघाच आता," म्हणत त्याने लांबलचक पाईप ओढला आणि दुसरं टोक धरायला सुमित्राला हाक मारली. ती आली, पण पाईपला हात लावीना.

"आधी झाकण बसवा. चष्मा घाला."

"अगं, पाहुण्यासमोर काय लावलंयस हे?"

"अहो, त्या जुन्या कटरला तुम्ही भ्यायचात, तेव्हा मी निर्धास्त होते. आता तुम्ही निर्धास्त झालात, म्हणून मला भीती वाटते. बसवा, नाहीतर पाईप तुमचा तुम्ही धरा."

अंकुश फणफणला. पण एवढा लांब पाईप एकट्याला आवरणार कसा? तणतणत त्याने झाकण बसवलं, चष्मा घातला आणि बटण दाबलं.

चकती पाईपला टेकली मात्र, धाडकन आवाज झाला! चकतीच्या ठिकऱ्या उडाल्या. एक मोठा तुकडा सुटला तो झाकणावर आतून आदळला. झाकणाला टेंगूळ आलं, ते नेमकं अंकुशच्या तोंडासमोर.

पाईप टाकून सुमित्रा धावली. चष्मा काढून, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून तिने डोळे पाहिले, गाल पाहिले. ओरखडासुद्धा नव्हता. "आहेत गं बाई, दोन्ही डोळे जागच्या जागी आहेत!" म्हणत ती हसता हसता रडू लागली. अंकुशने खाली पडलेला चकतीचा तुकडा उचलून पाहिला. मग त्याला आठवलं, सकाळी ती चकती हातातून फरशीवर पडली होती. त्याने न बघता तशीच बसवली होती.

रज्जाक म्हणाला, "कंपनीचं यंत्र, आणि असं?"

"यंत्राला बोल लावू नका, रज्जाकभाई. ते चांगलंच आहे. तडकलेली चकती मी बसवली."

"मग मी कुठलं घेऊ?"

"चांगलं परवडत असेल तर चांगलंच घ्या. फक्त घरी नेल्यावर ते बाजारातलं सगळ्यांत स्वस्त आहे, असं समजून वापरा."

तात्पर्य: चांगल्या नावाची वस्तू काम चांगलं करते, काळजी मात्र आपली आपणच घ्यावी लागते.