दाराशी मांडलेला पाट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यावाचून आपलं काही अडतही नाही. कारण ही गोष्ट राजाची नाहीच. ती एका आईची आहे, तिच्या लेकीची आहे आणि गावातल्या छोट्या शाळेची आहे. शाळेत जाणाऱ्यांनी ती ऐकावी, आणि त्यांना शाळेत सोडून येणाऱ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन दूरच्या मुलखातून राहायला आली. मुलीचं नाव राही. बाई अंबाडीचे दोर वळायची, म्हणून गाव तिला दोरवाली म्हणू लागलं. तिचं खरं नाव कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं पीळ द्यायचा, दुसऱ्यानं टोक ताणून धरायचं. पूर्वी दुसरं टोक तिचा नवरा धरायचा. तो तापानं गेला, आणि त्याच्या पाठीमागे त्या घरात तिला राहवेना, म्हणून तर ती इथे आली होती. आता ती दुसरं टोक अंगणातल्या लिंबाच्या झाडाला बांधायची. झाड टोक घट्ट धरायचं, पण बोलायचं नाही.

बोलत तर राहीही नव्हती. बाप गेला तेव्हा ती सारखी विचारायची, "बाबा कुठे गेले? बाबा कधी येणार?" एकदा आईला ते सोसलं नाही. ती ओरडली, "पुन्हा घरात बाबांचं नाव काढशील तर बघ!" राहीनं ओठ मिटले, ते मिटलेच. तेव्हापासून ती आईपुढे एक शब्द बोलली नव्हती. हवं असलं तर बोट दाखवायची, नको असलं तर मान हलवायची आणि झोपताना भिंतीकडे तोंड करायची. आईनं दृष्ट काढली, मध चाटवला, दिसेल त्या देवाला नवस बोलली. शेवटी पोरीची वाचाच गेली असं तिनं मनाशी धरलं, आणि लाजेपायी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

गावातल्या इतर मुलांबरोबर राही शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी आईनं तिला पायरीपाशी सोडलं, गुरुजींना हात जोडले आणि म्हणाली, "लेकरू तुमच्या पदरात घातलं." पोर बोलत नाही, हेही सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिथे चार माणसं उभी होती. ती तशीच परत फिरली.

आता त्या गावाची एक रीत होती, ती सांगायलाच हवी. शाळा सुटली की गुरुजी पायरीवर येऊन उभे राहत. आईबाप खाली जमत आणि एकेक जण विचारी, "गुरुजी, आमचं कसं काय?" मग गुरुजी सांगत. "तेलीणबाई, तुमचा लेक भांडण काढतो, पण मिटवतोही स्वतःच, तेव्हा राग धरू नका." किंवा, "पाटील, तुमच्या पोरीनं आज निम्माच पाढा म्हटला. उरलेला निम्मा बहुतेक घरी विसरली. शोधून पाठवा." लोक हसत, मुलं बोटाला धरून घरी जात. मात्र न विचारता गुरुजी कुणालाही काही सांगत नसत. गावाची समजूतच तशी होती. न विचारता दुसऱ्याच्या पोराचं चांगलं बोललं तर त्याला दृष्ट लागते, आणि वाईट बोललं तर ते पोर तसंच होतं.

दोरवालीच्या मुलखाची रीत नेमकी उलटी. तिकडे गुरूला आपल्या पोराबद्दल विचारणं हा गुरूचा अपमान. वैद्यानं दिलेल्या औषधाचा वास घेऊन बघण्यासारखंच ते. सांगण्यासारखं काही असलं तर गुरू आपणहून घरी येतात, आणि त्यांच्यासाठी दाराशी पाट मांडून ठेवायचा असतो.

म्हणून दोरवाली रोज दाराशी पाट मांडायची. शाळा सुटायच्या वेळी ती पायऱ्यांपासून दूर, चिंचेखाली उभी राहायची. गुरुजी सगळ्यांशी बोलायचे, मग एकदा तिच्याकडे बघायचे, जरा थांबायचे आणि आत वळायचे. ती राहीचा हात धरून घरी यायची. पाट पुसायची आणि तसाच भिंतीला टेकवून ठेवायची.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. पाटावर कुणी बसलं नाही.

सुरुवातीला ती स्वतःची समजूत घालायची, गुरुजींना वेळ झाला नसेल. मग तिला वाटू लागलं, मुक्या पोरीबद्दल ते सांगणार तरी काय? मग वाटू लागलं, आपण परमुलखातल्या, आपली पोर त्यांना नकोशीच असणार. माणूस एकटं असलं की त्याचं मन त्याच्याशी असंच बोलतं. त्याला मधेच अडवायला कुणी नसतं ना!

एके दिवशी चिंचेखाली उभी असताना तिच्या कानावर तेलीणबाईचं बोलणं आलं. "ती बघा, आजही लांबच. एक दिवस पोरीची चौकशी करेल तर शपथ! कसली म्हणायची ही आई?"

दोरवाली राहीचा हात धरून तडक घरी आली. त्या संध्याकाळी तिनं पाट पुसून भिंतीला टेकवला नाही, उचलून माळ्यावर टाकला. या गावात आपलं कुणी नाही, उद्या इथून निघायचं, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून ती भर दुपारी शाळेकडे निघाली. त्या वेळी ती तिथे कधीच गेली नव्हती. गुरुजी पायरीवर बसून बोरू तासत होते. आतून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि त्या हसण्यातून एका मुलीचा खणखणीत आवाज. ती काहीतरी रंगवून सांगत होती. मध्येच थांबायची, सगळी मुलं "मग? मग?" करायची, की पुन्हा सुरू. अगदी या गावच्या हेलात.

दोरवालीचे पाय थबकले. तिचे डोळे भरून आले. तिला त्या मुलीच्या आईचा हेवा वाटला. असला आवाज रोज जिच्या घरात घुमतो, तिला आणखी काय हवं? आणि आता जायचंच आहे, मग कसली रीत नि कसला अपमान, असं वाटून तिनं आयुष्यात पहिल्यांदा गुरूला प्रश्न विचारला.

"गुरुजी, आत बोलतेय ती पोर कुणाची हो? मोठी भाग्याची असेल तिची आई."

गुरुजींनी मान वर केली. "बाई, थट्टा करता का माझी? ती तुमची राही."

"माझी राही बोलत नाही."

"बोलत नाही? अहो, तिला गप्प करता करता माझा घसा बसतो! दुपारी गोष्ट तीच सांगते. दुसऱ्या कुणाची मुलांना चालतच नाही."

दोरवाली तिथेच पायरीवर बसली. स्वतःच्या लेकीचा आवाज तिला ओळखता आला नव्हता. तिनं शेवटचा ऐकला होता तो बोबडा होता, तिच्या मुलखाच्या वळणाचा होता. हा आवाज वाढला होता, पण तिच्या घरात नाही.

"गुरुजी, मग मला का नाही सांगितलंत? वर्षभर मी त्या चिंचेखाली उभी आहे. आमच्याकडे गुरू आपणहून घरी येतात, म्हणून वर्षभर दाराशी पाट मांडतेय."

"तुम्ही विचारलं कुठे, बाई?" गुरुजी म्हणाले. आणि मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं, बाई मानी आहे. हिला आमच्याकडून काही ऐकायचं नाही."

"आणि मला वाटायचं, माझ्या पोरीबद्दल तुम्हाला सांगण्यासारखंच काही नाही."

आतला आवाज आता तिला शब्दाशब्दांनी कळू लागला. एक कासव घर उचलून उचलून कंटाळलं आणि ते विकायला बाजारात गेलं. गिऱ्हाईक म्हणालं, घर ठीक आहे, पण दार कुठेय? कासव म्हणालं, दारात तर मीच बसलोय! दोरवालीनं गोष्ट ओळखली. ही गोष्ट तिच्या नवऱ्याची. दोराचं टोक धरून उभा असताना तो राहीला हीच सांगायचा.

ती उठून दारात गेली. राहीनं आईला पाहिलं मात्र, आणि गोष्ट अर्ध्यावर तुटली. ओठ मिटले. सगळी मुलं एकदा राहीकडे, एकदा तिच्या आईकडे बघू लागली. त्या बघण्यानं दोरवालीला जेवढं लागलं, तेवढं तेलीणबाईच्या बोलण्यानंही लागलं नव्हतं.

ती तिथेच लेकीपुढे बसली. "बाबांची गोष्ट ना गं ही? मलाही सांग."

राही आईजवळ सरकली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबांचं नाव काढलं तर चालेल?"

"चालेल गं, माझ्या बाई, चालेल."

"घरी तोंड उघडलं की तेच यायचं. म्हणून मी उघडतच नव्हते."

आईनं तिला पोटाशी घेतलं आणि बाप गेल्यानंतर पहिल्यांदा दोघी एकत्र रडल्या.

गाठोडं सुटलं. त्या संध्याकाळी दोराचं दुसरं टोक राहीनं धरलं, आणि तिची बडबड ऐकता ऐकता आईचा पीळ चुकला, तरी तिला त्याचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते एकाच गोष्टीचं. राहीचे बोबडे बोल तिला परत मिळाले नाहीत. ते वर्षभरात विरून गेले होते, दुसऱ्यांच्या कानांवर पडत.

दिवेलागणीला अंगणात पावलं वाजली. दोरवालीनं माळ्यावरचा पाट काढला, पदरानं पुसला आणि दाराशी मांडला. गुरुजी त्यावर बसले आणि कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "तुमच्या राहीबद्दल सांगायला आलोय. बरंच साठलंय."

त्या दिवसापासून शाळा सुटली की गुरुजी पायरीवर थांबत नसत. सगळ्यांत लांब कोण उभं आहे ते पाहून आधी तिकडे जात. आणि गावात कुणी नवं आलं, की तेलीणबाई आधी त्याचं नाव विचारी.

म्हणून लक्षात ठेवा: विचारायला संकोचणारा आणि सांगायला थांबणारा, दोघं मिळून एका घराला एकटं पाडतात.