खोबरेल तेलावरचा रंग

गाडीच्या काचा हाताने फिरवून खाली कराव्या लागत, त्या काळची गोष्ट. एका गाडीत चामड्याच्या दोन सीट होत्या, पुढची आणि मागची. दोघींचाही तांबडा रंग उडाला होता. घरात लग्न ठरलं, तसे मालक म्हणाले, "रंग बसला तर ठीक. नाहीतर चामडं कापून रेक्झिन लावू."

रंगवायला स्पंज आला. त्याने आधी पुढचीला स्पिरिटने घासलं. दर सणाला चमक यावी म्हणून चोळलेलं खोबरेल काळं होऊन निघालं आणि तिच्या सगळ्या भेगा उघड्या पडल्या.

मागची हादरलीच. "अगंबाई! ताई, काय ही दशा! भाऊजी, मला नका हो घासू. वरूनच रंग द्या."

"तेलावर रंग धरत नाही, वहिनी."

"धरेल. मी घेईन सांभाळून."

स्पंजाने मान डोलावली आणि दोघींनाही रंग दिला. मागची अशी झळकली, की पुढची तिच्यापुढे मोलकरीण वाटावी.

लग्न लागलं. नवरी पिवळ्या शालूत मागे बसून घरी आली. ती उतरली आणि दारातल्या बायका किंचाळल्या. शालू पाठीपासून खालपर्यंत लालभडक!

"रक्त! अगं, लागलं कुठे?" सासूबाईंच्या हातातलं ओवाळणीचं ताट खाली पडलं.

नवरीने गाडीकडे बोट दाखवलं. मागच्या सीटवर ती बसली होती तेवढं चामडं काळंकुट्ट, तेलकट दिसत होतं. मालकांनी वाकून पाहिलं आणि कात्री मागवली.

"ताई," मागची कशीबशी म्हणाली, "सांग ना त्यांना. आता कितीही घासलं तरी चालेल."