झांज आणि माइक

एकदा एक तरुण कीर्तनकार रागाच्या भरात, आरती न करताच, नारदांच्या गादीवरून खाली उतरला. कीर्तन अर्धवट टाकून जाणे हा त्या परंपरेत मोठा प्रमाद, आणि हा तर दहा वर्षे एका वृद्ध बुवांच्या पायाशी बसून शिकलेला. झाले होते इतकेच, की रामनवमीच्या उत्सवात तिसऱ्या दिवशी, ऐन आख्यान रंगात आले असताना माइकने कर्णकर्कश शिट्टी मारली. एकदा नव्हे, चारदा. पुढची पोरे खो-खो हसली, त्यांचे पाहून मोठी माणसेही हसली, आणि ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

देवस्थानच्या पंचांनी निरोप धाडला, की उद्या उभे राहणार नसाल तर उरलेले दिवस दुसऱ्या बुवांना देऊ. शिष्याचा पारा आणखी चढला. दोष माइकचा आणि शिक्षा मला, असे तो घरोघर सांगत सुटला. नामांकित कीर्तनकारांकडे असतो तसला भारी माइक आणल्याशिवाय गादीवर पाऊल ठेवणार नाही, अशी त्याने प्रतिज्ञा केली. तेवढे पैसे जवळ नव्हते, म्हणून वडिलांची पेटी विकायला काढली. ज्या पेटीवर त्याला सूर कळला, तीच.

हे बुवांच्या कानावर गेले. त्यांनाही संताप आला, पण ते एवढेच म्हणाले, "पेटी राहू दे तूर्त. माइक घ्यायला मी बरोबर येतो." आणि निघताना त्यांनी पिशवीत झांज टाकली.

दुकानदाराने तीन माइक मांडले. सर्वांत महाग होता तो चंदेरी, मखमली पेटीत निजवलेला. सर्वांत स्वस्त होता तो काळा, जडसर, बिनपेटीचा. दुकानदाराने चंदेरी माइक हातात घेऊन "हॅलो, हॅलो" म्हटले आणि सारे दुकान घुमले. शिष्याचे डोळे चमकले. वास्तविक त्या आवाजाला एको लावलेला होता, आणि एको लावला की माणसाचा खोकलासुद्धा गोड लागतो. ही लबाडी दुकानोदुकानी चालते आणि शहाणीसुरती माणसे तिला भुलतात, याची मला फार चीड आहे.

बुवांनी एको बंद करायला लावला. मग स्पीकर मांडवात असतो तसा पुढे ठेववला, शिष्याला माइकसमोर गायला उभे केले, आणि स्वतः माइकच्या पाठीमागे जाऊन सर्व बळानिशी झांज वाजवू लागले. रस्त्यावरची माणसे दाराशी जमली. शिष्य शरमेने लाल झाला. "बुवा, लोक बघताहेत," तो दातओठ खात म्हणाला. बुवा थांबले नाहीत. चंदेरी माइकमधून गाण्यापेक्षा झांजच मोठी ऐकू आली, आणि मग तीच परिचित शिट्टी. हा बंद खोलीत ध्वनिमुद्रणाला उत्तम, असे दुकानदार आता पुटपुटला. दुसऱ्याचीही तीच गत झाली. काळ्या माइकमधून मात्र शिष्याचा आवाज स्वच्छ आला आणि झांज कुठच्या कुठे दूर राहिली.

"हा द्या," बुवा म्हणाले. मग ते रागाने शिष्याकडे वळले.

"माइक किती ऐकतो, हे सगळेच बघतात. तो काय ऐकत नाही, ते बघायचं असतं. समोर तू असतोस, पाठीमागे सगळा मांडव. आपलाच आवाज स्पीकरमधून फिरून आला आणि माइकनं तो पुन्हा ऐकला, की शिट्टी होते. काल माइकचं तेच झालं. आणि तुझंही. मांडवातून चार पोरांचं हसू परत आलं, ते तू ऐकत बसलास. देवापुढं निरांजन लावलेलं होतं रे. ते माझ्या या फुटक्या आवाजात मी ओवाळलं. माइक बदलून मिळेल. तुझे कान कुठल्या दुकानात बदलू?"

आपल्यामागे आरती कोणी केली, हे शिष्याने विचारलेही नव्हते. त्याने खिशात हात घातला. माइकचे पैसे त्याच्या खिशातूनच भागले. पेटी घरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो गादीवर उभा राहिला. माइक निमूट होता. पण पोरे कसली निमूट राहतात. ऐन आख्यानात त्यांनी तोंडानेच शिट्ट्या मारायला सुरुवात केली आणि मांडव पुन्हा हसला. शिष्य गात राहिला. आख्यान पुरे झाले, आरती झाली, प्रसाद वाटला गेला. मग बुवांनी त्याला जवळ बोलावून हळूच विचारले, "राग नाही आला?"

"आला ना," शिष्य म्हणाला. "पण आरती झाल्यावर."

बुवांनी आपली झांज त्याच्या हातात दिली.

माइक घ्यायला जाल तेव्हा एक झांज बरोबर न्या, आणि ती वाजत असताना आपल्याही कानांकडे लक्ष ठेवा.