बाभळीखालचे दाणे

कोणे एके काळी ज्वारीच्या बांधाखाली रखमी नावाची उंदरीण कुटुंबासह राहायची. घरात आलेल्या प्रत्येक कणसाचे निम्मे दाणे ती दूरच्या बाभळीखाली दुसऱ्या बिळात नेऊन ठेवायची. तिचा दीर मुंजा हसायचा, "वहिनी, ही फुकटची हमाली कशाला?"

एकदा दारात आयतं टपोरं कणीस पडलेलं दिसलं. कुणी ठेवलं याचा विचार न करता मुंजाने ते आत ओढलं, आणि त्याच्या मागोमाग धामण शिरली. सगळे मागच्या वाटेने कसेबसे निसटले. धामण दाण्यांवर वेटोळं घालून बसली.

"रोज एक पिल्लू पाठवा, मग दाणे मिळतील!" ती आतून फुत्कारली.

"देऊन टाकू," मुंजा रडकुंडीला आला. "वर्षाची बेगमी आत अडकलीय."

"आज एक दिलं की उद्या दुसरं मागेल. चल, तू हसायचास ती हमाली आता खाऊ," रखमी म्हणाली. मग बिळाच्या तोंडाशी जाऊन ती कडाडली, "धामणे, बस खुशाल! आमचे दाणे दुसरीकडेही आहेत, आणि कुठे ते सांगत नाही. तुला तर दाणा गिळताही येत नाही. बघू या, आधी कुणाचं पोट खपाटीला जातं!"