हंसिणीचा निरोप

फार पूर्वी एका तळ्यावर धवला नावाची म्हातारी हंसीण राहायची. पंख थकल्याने ती मागे राहिली आणि नातवंडं उत्तरेला उडून गेली. दोन हिवाळे सरले, कुणी परतलं नाही.

उत्तरेला निघालेल्या धोबी पक्ष्याने विचारलं, “आजी, तू एकटी पडलीस, असं सांगू त्यांना?”

“नको रे. म्हणावं, पिल्लं असताना माझ्या कुशीत झोपायचात, त्या आठवणींवर माझे दिवस निघतात. तुमचे फार उपकार आहेत.”

थंडी पडताच धोबी परतला. धवला लगबगीने पुढे झाली. “येताहेत का?”

“नाही आजी. त्यांनी दुसरं तळं धरलंय. पण धाकटी रडली. म्हणाली, उपकार तर आजीचे, ते बोलायचं आमचंच राहिलं.”

धवलाने चोचीने काठावरचे दाणे पुढे सारले. मग म्हणाली, “दमला असशील. ये, चार दाणे खाऊन घे.”