राहून गेलेला धडा

जो मरायलाच निघाला आहे, त्याला तुम्ही कशाची भीती घालाल?

रेवणगिरी महाराजांनी हे विचारलं, तेव्हा पाटणकर साहेब मठाच्या ओट्यावर बसले होते. राज्याच्या सुरक्षेचा भार त्यांच्यावर होता. अचलगिरीच्या टोळीने विषारी वायूची पिंपं मिळवली होती. ती शहरात फुटली असती, तर हजारो माणसं जागच्या जागी गेली असती. अचलगिरी एके काळी याच मठातला शिष्य, म्हणून साहेब इथवर आले होते.

साहेबांकडे उत्तर तयार होतं.

"त्याच्या गावाची. उद्या रेडिओवरून सांगतोय. एक पिंप जरी फुटलं, तरी हिवरदरा जाग्यावर राहणार नाही. त्याची आई आहे तिथे, भाऊ आहेत."



महाराजांनी कमंडलूतलं थोडं पाणी तळहातावर घेतलं आणि जमिनीवर सोडलं.

"हे काय?"

"दीक्षेच्या दिवशी अचलने इथेच बसून स्वतःचं श्राद्ध केलं. स्वतःच्या हाताने स्वतःला पिंड दिला. मग आईवर, भावांवर, गावावर असं पाणी सोडलं. गोसावी होताना हे करावंच लागतं. मीच करवून घेतलं."

साहेब हसले. मग आधी महाराजांनाच धरून नेलं पाहिजे, म्हणाले.

"न्या," महाराज म्हणाले. "आपल्या मरणाला भ्यायचं नाही, हा आमचा पहिला धडा. दुसऱ्याच्या मरणाने काळीज हललं पाहिजे, हा दुसरा. त्याला फार वर्षं लागतात. अचलला घाई होती. पहिला शिकला आणि गेला..."

मग काय करायचं, ते साहेबांनी विचारलं. महाराजांनी त्यांना हिवरदऱ्याला जायला सांगितलं. अचलला भाकरी पोचवणाऱ्यांनी, पिंपं दडवणाऱ्यांनी अजून स्वतःचं श्राद्ध केलेलं नाही. त्यांच्या घरात लेकरं आहेत. त्यांच्यात जाऊन बसा, त्या विषाने माणूस कसा मरतो ते सांगा. ती माणसं ऐकतील.

"तेवढा वेळ नाही, महाराज. मी फौजेतला माणूस. मरणाला मीही भीत नाही. आणि हिवरदरा गेला, तर माझी झोप काही उडणार नाही."

महाराजांनी कमंडलू बाजूला ठेवला.

"तुम्हाला दीक्षा कोणी दिली, साहेब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवरून इशारा दिला गेला, आणि हिवरदऱ्यातली तरणी मुलं एकेक करून अचलगिरीकडे निघून गेली.