भिवराआजींच्या हातचे मीठ

निरंजन महाराज पळसखेड्यास मारुतीच्या देवळात उतरले होते, तेव्हाची ही कथा. मंडळी, सांगताना आजही अंगावर काटा उभा राहतो!

गावात भिवराआजी होत्या, नव्वदीला टेकलेल्या. निम्म्या गावाची नाळ त्यांनीच कापलेली. कुणाचे बाळंतपण असो की दुखणेखुपणे, आजी बोलावल्यावाचून हजर. घरात पणतू रांगत होते, तरी त्यांचा पाय घरात ठरत नसे. सप्ताहाच्या भंडाऱ्यात आमटीला मीठ घालण्याचा मान मात्र त्यांचाच, आणि त्यावर त्यांचा जीव.

त्या वर्षी यादवराव इनामदार भंडाऱ्याचे कारभारी झाले. घरी लक्ष्मी होती, पण ताठा तिच्याहून मोठा! आजी चुलवणाकडे निघाल्या, तसे ते चारचौघांत हसून म्हणाले, "म्हातारे, हात लटलट कापतोय तुझा. साऱ्या गावाच्या तोंडची चव घालवशील. जा, घरी पणतवंडं खेळव."

"येवढी सेवा काढून घेऊ नका वो. मग म्या जगावं तरी कशापायी?" आजींचे डोळे भरले. त्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसल्या.

यादवरावांनी ऐटीत स्वतःच मीठ घातले. आचाऱ्याला ते ठाऊक नव्हते. आजी आल्या नाहीत असे पाहून त्यानेही घातले. नैवेद्याआधी चाखायचे नाही ही आपली रीत, तेव्हा कळणार कसे?

नैवेद्य झाला, पंगत बसली, आणि पहिल्याच घासाला लोकांची तोंडे वाकडी झाली. आमटी खारट जहर! पंचक्रोशी पानावर बसलेली, आणि आता उपाशी उठणार! यादवराव घामाघूम होऊन महाराजांकडे धावले.

महाराज म्हणाले, "आमटीला मीठ कमी पडले आहे."

"कमी? महाराज, तोंडात धरवत नाही!"

"भिवराआईंचे कुठे पडले? बोलवा त्यांना."

लोक चक्रावले. खारट आमटीत आणखी मीठ! आजीही घाबरल्या. "म्हाराज, आणिक बिघडली तर?"

"देवाचे काम आहे, आई. घाला!"

आजींनी डोळे मिटले, नाम घेतले आणि थरथरत्या हाताने मिठाची मूठ आमटीच्या काहिलीत सोडली. महाराजांनी एक द्रोण भरून यादवरावांच्याच हाती दिला. त्यांनी भीत भीत घोट घेतला, आणि काय सांगावे! खारटपणा पार नाहीसा झालेला! अशी चव त्या काहिलीला कधी आली नव्हती. पंगतीतून एकच गजर उठला.

यादवराव महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इकडे नव्हे, तिकडे!"

इनामदारांनी पगडी उतरवली आणि चुलवणाच्या राखेत, आजींच्या पायांवर डोके ठेवले. "आजी, चुकलो गं!"

"उठ रे यादवा," आजी लगबगीने म्हणाल्या, "पाया मागनं पड. लोकं भुकेजलीत, आदी वाढाया लाग!"